आवाज पडद्याकडून यावा

धाटावची संध्याकाळ कारखान्यांच्या भोंग्यानं ठरते. रोह्याहून कोलाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर टँकरची ये-जा चालू असते, पाळी सुटलेली माणसं घराकडे निघालेली असतात, कुंडलिका नदीच्या अंगानं जरा गार वारा सुटतो. अशा गावात उघड्यावर पडदा लावून सिनेमा दाखवायचा, तर दोन गोष्टींची वाट बघावी लागते. अंधार पुरता पडायला हवा आणि रस्ता थोडा निवायला हवा. अंधार चित्रासाठी, शांतता आवाजासाठी. पहिलं सगळ्यांच्या लक्षात असतं. दुसरं फार थोड्यांच्या.

सिनेमा दाखवायचं ठरलं की सगळे प्रोजेक्टरबद्दलच विचारतात. केवढ्याला आणला, किती मोठं चित्र पडतं, उजेडात दिसेल का. आवाज कुठून येणार, हे कुणी विचारत नाही. तो येईलच, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. मला मात्र वर्षानुवर्षं असे पडदे लागताना बघून आणि लावायला मदत करून पटलेलं आहे, की लोक जमतात ते चित्रानं आणि बसून राहतात ते आवाजानं. चित्र थोडं फिकं असलं तर माणसं डोळे बारीक करून बघतात. आवाज फिका असला तर शेजारच्याशी बोलायला लागतात, आणि एकदा बोलायला लागलेला घोळका पुन्हा सिनेमाकडे वळत नाही.

माघी गणपती हा उघड्यावरच्या सिनेमाचा खरा हंगाम. भाद्रपदात आमच्याकडे पावसाचा भरवसा नसतो, आणि पाऊस थांबलाच तर प्रोजेक्टरच्या झोताकडे पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. माघात हवा कोरडी, रात्र गार, आभाळ मोकळं. आमच्या वस्तीतल्या मंडळानं एका माघात ‘श्यामची आई’ दाखवायचं ठरवलं. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा हा चित्रपट, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला. त्यातला श्याम कोकणातलाच, दापोलीजवळच्या पालगडचा. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी तो कधीकाळी पाहिलेला, मुलांनी फक्त नाव ऐकलेलं. मंडळाच्या पोरांनी लॅपटॉप जोडायला मला बोलावलं.

पडदा म्हणजे बांबूंच्या चौकटीला ताणून बांधलेलं पांढरं कापड. कापड सैल राहिलं की वाऱ्यानं फुगतं आणि माणसांचे चेहरे लाटांवर हलल्यासारखे दिसतात. म्हणून खालची कडसुद्धा दोरीनं आवळून घ्यावी लागते. प्रोजेक्टर टेबलावर. दहा फूट रुंद चित्र हवं असेल तर आमच्याकडच्यासारख्या यंत्राला पंधरा-सोळा फूट मागं सरकावं लागतं. आणखी मागं नेलं की चित्र मोठं होतं आणि पोरं खूश होतात, पण रुंदी दुप्पट झाली की तोच उजेड चौपट जागेत पसरतो आणि चित्राचा जीव जातो. टेबल बुटकं असेल तर झोत खालून वर जातो आणि चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. बटण दाबून ते चौकोनी करता येतं, पण त्यात चित्राचा काही भाग वाया जातो. त्यापेक्षा टेबलाखाली चार विटा सरकवून यंत्र उचलणं चांगलं. आम्ही विटा लावल्या.

जुना चित्रपट जवळजवळ चौरस असतो. आजच्या प्रोजेक्टरच्या रुंद चौकटीत त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. एका पोरानं त्या भरून काढायला चित्र आडवं ताणलं. पडदा भरला, पण आईचं काम करणाऱ्या वनमालाबाईंचा सोसलेला, निमुळता चेहरा पसरट झाला. मी ते पूर्ववत करायला लावलं. आईला तिचा चेहरा हवा. पट्ट्या राहिल्या तर राहू देत.

इथवर सगळे उत्साहात होते. मग एकानं विचारलं, "प्रोजेक्टरलाच स्पीकर आहे ना? मग बॉक्स कशाला?" प्रोजेक्टरच्या पोटात स्पीकर असतो हे खरं, पाच-दहा वॉटचा, खोलीपुरता. पण तो कमजोर असतो ही त्याची मोठी अडचण नाही. मोठी अडचण ही, की तो चुकीच्या जागी असतो. प्रोजेक्टर लोकांच्या मधोमध ठेवलेला. पुढं बसलेल्या मुलांना चित्र समोर दिसणार आणि आवाज पाठीमागून येणार. आई समोर बोलते आहे आणि तिचे शब्द मानेच्या मागून ऐकू येतात. असं असेल तर मूल तिचं ऐकेल कसं?

शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा बाहुला अर्धवटराव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच पटेल. बोलतात पाध्ये, पण ओठ अर्धवटरावाचे हलतात, आणि आपला कान मुकाट्यानं डोळ्याचं ऐकतो. आवाज बाहुल्याच्या तोंडातून आला असंच आपल्याला वाटतं. कान एवढा उदार आहे. मात्र त्याच्या उदारपणाला मर्यादा आहे. बाहुला मांडीवर असतो म्हणून हे साधतं. आवाज बाजूला फार दूर किंवा पाठीमागं गेला, की कान डोळ्याची साथ सोडतो. म्हणून बॉक्स पडद्यापाशीच हवेत, शक्य तर पडद्याच्या मागं.

सिनेमाघरांनी हे फार पूर्वी ओळखलं. तिथल्या पडद्याला सगळीकडे बारीक भोकं असतात, जवळ गेल्याशिवाय न दिसणारी. आवाज त्या भोकांतून बाहेर येतो, कारण स्पीकर पडद्याच्या पाठीमागं उभे असतात. नायिका पडद्याच्या मध्यावर बोलते तेव्हा शब्द खरोखरच तिच्या तोंडामागून येतात. आमच्या कापडाला वेगळी भोकं पाडायची गरज नव्हती. सुती कापडाच्या विणीतून माणसाचा आवाज सहज पार होतो.

चित्र आणि आवाज यांची सोबत आपल्याकडे सिनेमाहून कितीतरी जुनी आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची ठाकर मंडळी चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकेक करून समोर धरायची आणि त्यांच्या शेजारी बसून कथा गायची. त्याच परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ नावानं काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ दिव्याच्या झोतानं पडद्यावर दाखवले, तेही निवेदन आणि गाण्यांच्या साथीनं. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं झळकली आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा चित्र मुकंच होतं. पण थिएटर मुकं नव्हतं. पेटी-तबला घेऊन वाजवणारे पडद्याशी बसत. लोकांसमोर चित्र धरणाऱ्याला आवाज त्याच्या जवळच हवा, हे कुणी शिकवायची गरज पडली नाही.

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मुळे मराठी पडदा बोलू लागला. आता आवाज फिल्मच्या पट्टीवरच आला, चित्राच्या कडेला, उजेड-अंधाराच्या बारीक रेघेत. तिथं एक नाजूक पेच होता. चित्राची चौकट दिसायची तर ती भिंगापुढं क्षणभर थांबायला हवी, सेकंदाला चोवीस वेळा. आवाज ऐकू यायचा तर पट्टी एकसारखी वाहायला हवी, एकदाही न थांबता. दोन्ही एका जागी होणं शक्यच नाही. म्हणून पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर आवाज त्याच्या चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढं छापतात आणि तो वाचणारा दिवा चित्राच्या खिडकीपासून तेवढ्याच अंतरावर असतो. सोळा मिलिमीटरमध्ये हे अंतर सव्वीस चौकटींचं. फिल्म चढवताना ऑपरेटरनं मधला फास कमी-जास्त सोडला, तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, किंवा उलट. जत्रेतल्या तंबूत, ट्रकमध्ये बसवलेल्या यंत्रापाशी घामाघूम उभा असलेला ऑपरेटर प्रत्येक रिळाला हे अंतर हातानं जुळवत असे. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. त्यातली ती प्रचंड, तेलकट यंत्रं बघताना मला त्या हातांचंच कौतुक वाटत राहिलं. ओठ आणि शब्द एकमेकांपासून सुटू नयेत, यासाठी कुणीतरी रोज जागत होतं.

आज फिल्म गेली, तरी हा पेच गेलेला नाही. लॅपटॉपचा आवाज ब्लूटूथनं बॉक्सला पाठवला, की तो सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशिरा पोचतो. गाण्याला हे चालतं, बोलण्याला खटकतं. वायरनं पाठवला तर तो लगेच पोचतो, पण काही प्रोजेक्टर चित्र तयार करायला थोडा वेळ घेतात आणि मग शब्द ओठांच्या आधी येतात. हे जास्त खटकतं, आणि त्याला कारण आहे. आपण पावसाळ्यात वाढलेली माणसं. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. आवाज थोडा मागं राहणं कानाला जन्मापासून ठाऊक आहे. आधी गडगडाट आणि मग वीज, असं कोकणात कुणी कधी अनुभवलेलं नाही. त्यामुळे दोहोंत निवड करायची झाली, तर आवाज किंचित मागं ठेवणंच बरं. बहुतेक प्लेअरमध्ये तेवढी सोय असते. शेवटी, वीस मीटर मागं बसलेल्या माणसापर्यंत आवाज तसाही दीड चौकट उशिरानंच पोचतो.

त्या माघात आम्ही वायरच वापरली. साऊंडवाला वस्तीतलाच, लग्नाच्या मांडवांत आणि गणपतीच्या मिरवणुकीत बॉक्स लावणारा तरुण. मिक्सर आणि दोन बॉक्स त्यानं पडद्यामागं मांडले. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात लावायची ईपी पिन एका टोकाला आणि मिक्सरला लावायची कॅनॉन पिन दुसऱ्या टोकाला, अशी वायर कुणीतरी आणून दिली होती. पिना दोन्हीकडे नीट बसल्या. सिनेमा सुरू झाला. पडद्यावर आई दिसली, तिचे ओठ हलले, आणि बॉक्समधून आली फक्त अगदी क्षीण खरखर. मिक्सरवरचा आवाज चढवला तशी खरखर वाढली. शब्द एकही नाही. मागच्या ओळीतून एक आजी म्हणाल्या, "चित्र चांगलं दिसतंय रे बाबा, पण आई बोलतच नाय."

पोरांना वाटलं लॅपटॉप बिघडला. वायर काढली, तर लॅपटॉपच्या स्वतःच्या बारक्या स्पीकरमधून आई स्पष्ट बोलत होती. साऊंडवाल्यानं वायर हातात घेतली, दोन्ही टोकं उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "दोन्ही बाजू एकमेकींना खातायत." त्यानं पेटीतून दुसरी वायर काढली. एका टोकाला तीच ईपी पिन, दुसऱ्या टोकाला दोन जाड, एकेरी पी-अडतीस पिना. त्या दोन वेगवेगळ्या चॅनलमध्ये खोचल्या, आणि आई बोलू लागली.

झालं होतं ते असं. माइकसाठी असलेली कॅनॉनची जागा दोन तारांवरून येणाऱ्या आवाजातला फरक तेवढा पुढं पाठवते. लांब वायरवर वाटेत विजेची घूंघूं चढते, आणि ती दोन्ही तारांवर सारखीच चढते. सारखं ते वजा केलं की घूंघूं नाहीशी होते आणि माइकचा आवाज स्वच्छ राहतो. रचना अगदी शहाणपणाची आहे. पण लॅपटॉपच्या पिनेतून एका तारेवर डावा आवाज येतो आणि दुसऱ्यावर उजवा. ‘श्यामची आई’ एकेरी आवाजाच्या काळातला चित्रपट, त्याचं डावं-उजवं तंतोतंत एक. यंत्रानं सारखं ते सगळं गोंगाट समजून वजा केलं, आणि आई वजा झाली. नवा चित्रपट असता, तर पार्श्वसंगीत आणि दूरचे आवाज थोडे उरले असते आणि नेमके संवाद गेले असते, कारण संवाद सहसा दोन्ही बाजूंना सारखेच ठेवलेले असतात. तो तरुण शाळेत हे कधी शिकलेला नाही. शेकडो मांडवांत कान देऊन तो हे शिकला आहे. त्याच्या त्या एका वाक्याइतकं नेमकं उत्तर एखाद्या अभियंत्यानंही दिलं नसतं. आपल्याकडे या विद्येला विद्या म्हणत नाहीत, भाड्याचे पैसे देऊन मोकळं होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

थोड्या वेळानं बॉक्समधून खर्जातली एक घूंघूं सुरू झाली. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डाला आणि मिक्सर लांबच्या दुसऱ्या बोर्डाला होता. चार्जर काढला, घूंघूं थांबली. मग दोन्हींना एकाच बोर्डावरून वीज दिली. आपल्याशेजारून वाहणारं कुंडलिकेचं पाणी वर भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून, मुळशी धरणाचं पाणी टर्बाइनवर कोसळवून, खाली येतं. ते केंद्र १९२७ सालचं. अशा विजेच्या वाटेवरच्या वस्तीनं तरी वीज कुठून घ्यायची आणि ती आवाजात कशी शिरते, हे समजून घ्यायला हवं.

यानंतरचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जातं. कुणीतरी उठून शेवटच्या ओळीत जाऊन बसायचं. आवाज लावणारा बॉक्सपाशी उभा असतो. त्याला सगळं भरपूर ऐकू येतं, आणि लांबच्यांसाठी तो आवाज फक्त चढवत राहतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. बॉक्स जमिनीवर ठेवला तर पहिल्या ओळीतल्या मुलांचे कान बसतात आणि मागं तोच आवाज पुढच्यांच्या पाठींवर अडतो. बॉक्स स्टँडवर डोक्यांच्या वर उचलला आणि त्याचं तोंड शेवटच्या ओळीकडे जरा वाकवलं, की पुढं आणि मागं यांतला फरक कमी होतो. आम्ही बॉक्स बाकांवर चढवले. मी मागं जाऊन बसलो आणि हातानं खुणा केल्या. बास उतरव. मधला सूर चढव. शब्द कळतात ते व्यंजनांनी, आणि ती बारीक असतात. बास चढला की ती बुडतात. मिरवणुकीत छाती हलवणारे तेच बॉक्स त्या रात्री एका आईचं हळू बोलणं पोचवत होते, आणि त्यांना ते चांगलं जमत होतं.

शेवटच्या ओळीत कोण असतं, हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पुढं मुलं, मध्ये खुर्च्यांवर मंडळी. मागं बायका, कारण त्या चूल आवरून उशिरा येतात. त्यांच्याही मागं, उभे, तिसऱ्या पाळीला निघालेले कामगार. डबा हातात, थोडं बघून जायचं म्हणून थांबलेले. ज्यांना सगळ्यांत कमी वेळ मिळतो त्यांनाच सगळ्यांत कमी ऐकू येतं, असं आपण नकळत करून ठेवतो. पडदा लावणं हे पाहुणचाराचं काम आहे. पंगतीत शेवटच्या पानावर भात पोचला की नाही हे बघितल्याशिवाय यजमान जेवत नाही, तसंच हे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, आणि राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न, रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा. हे नियम मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींसाठी आहेत असं म्हणून आपण त्यांच्याकडे कुरकुरत बघतो. मला ते चांगल्या खेळाचे मित्र वाटतात. आवाज नीट मांडला असेल, तर तो मोठा करावाच लागत नाही. शेजारच्या घरात आजारी माणूस असेल, तान्हं बाळ असेल, सकाळच्या पाळीचा कामगार लवकर झोपला असेल. त्यांनाही या सिनेमाचा त्रास होऊ नये. आम्ही लवकर सुरू करून दहाच्या आत आटोपलं.

खेळ संपल्यावर मंडळात पुढच्या वर्षीच्या खर्चाची चर्चा झाली. सगळ्यांचं मत, आणखी मोठा, आणखी झगझगीत प्रोजेक्टर घ्यावा. मी माझं म्हणणं तिथं मांडलं आणि इथंही मांडतो. आहे तो प्रोजेक्टर पुरेसा आहे. वर्गणीतून आधी बॉक्ससाठी दोन भक्कम स्टँड घ्या, चांगल्या तांब्याची एक लांब वायर घ्या, दोन पी-अडतीस पिनांची ती जोडणी मंडळाची स्वतःची करा. साऊंडवाल्या तरुणाला मान देऊन बोलवा आणि नववी-दहावीच्या मुलामुलींना त्याच्याजवळ बसवा. वायर गुंडाळायची कशी, पिन ओळखायची कशी, घूंघूं आली तर आधी काय तपासायचं, हे त्याच्याकडून त्यांना शिकू द्या. आणि खेळ सुरू झाला की त्यांतल्या एकाला न विसरता मागं पाठवा, डबा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारायला : काका, नीट ऐकू येतंय ना?